लेकीची तारीख, आईची तिथी

माझी पोरगी पुण्याला अवजारांच्या एका कंपनीत वकील हाय, पण कोर्टात जात न्हाई. माझी बायको जवळा बाजारला बायांना हे सांगायची, तवा एकजण म्हणली होती, "मग कसली वो वकील?" बायको म्हणली, "नवं काय अन् जुनं काय, ते ठरवते." मला तरी याच्याहून जास्त अजून कळलं न्हाई. कंपनीतल्या कोण्या इंजिनेरनं फवारणीच्या पंपाला नवी तोटी बसवली की माझी पोरगी त्या तोटीवर रीमभर लिहून सरकारात टाकते. मग ती तोटी दुसऱ्या कंपनीला उचलता येत न्हाई. त्याला पेटंट म्हणतात. मी एकदा म्हणलं, "वारंगा फाट्यावरचा वेल्डिंगवाला तुमचं पेरणीयंत्र हुबेहूब करून विकून राहिला. त्याला धर की."

"बाबा, त्याच्यावर दावा लावायचा खर्च त्याच्या दुकानापेक्षा जास्त आहे."

एवढी शिकली, अन् चोर धरायचा तो त्याची ऐपत बघून.

त्या धंद्यात सगळा खेळ तारखेचा. कागद टाकायला उशीर झाला अन् दुसऱ्यानं आधी टाकला, की संपलं. साऱ्या नोकरीत पोरीची एक तारीख चुकली न्हाई. रविवारी नव्या वकिलांना जमवून फुकट तेच शिकवायची. म्हणून औंदा वकिलांच्या मंडळानं तिचा सत्कार ठेवला, व्यवसायाची सेवा केली म्हणून. आमच्याकडं सेवा म्हंजे म्हाताऱ्याचे पाय चेपणं. असो.

तिची आई गेल्या साली गेली. वर्षश्राद्धाला नैवेद्याचं पान लेकीच्या हातानं ठेवावं, एवढंच मला पाहिजे होतं. बोलावणं धाडलं न्हाई. आईच्या वर्षाला लेकीला बोलावणं धाडतात व्हय?

त्या दिवशी साखऱ्याहून मेव्हणा आला. "दाजी, पोरगी कुठवर आली?"

"येईल."

फोन लावला तर बंद. भटजीला दुसऱ्या गावाला जायचं होतं, तो सारखा घड्याळ बघून राहिला. शेवटी पान मेव्हण्यानं ठेवलं. कावळा लगेच आला. मेव्हण्याची छाती फुगली, जसं काय बहीण त्याच्याचसाठी अडली होती. पंगत बसली तवा पुतण्यानं मोबाईल पुढं केला. पोरगी स्टेजवर, अंगावर शाल, हातात नारळ.

दुपारून तिचाच फोन आला. "बाबा, सत्कार छान झाला. आईच्या वर्षाला पुढच्या आठवड्यात येतेय. सुट्टी टाकलीय."

"वर्ष झालं. मंडळी जेवून सुपारी कातरून राहिली."

"असं कसं? तारीख तर अजून..."

"तारखेनं वाढदिवस करतात, बाई. वर्ष तिथीनं होते. औंदा तिथी आधी आली."

मग म्हणली, "कळवायचं तरी, बाबा."

"तुमच्यात मुदत चुकली तर काय करतात?"

"उशीर का झाला ते लिहून द्यावं लागतं. कधी मान्य होतं, कधी नाही."

"मग ये, अन् सांग आईला काहून उशीर झाला."

आली ती, तिच्या तारखेला. भटजी म्हणला, चुकली तिथी तर आता सर्वपित्रीला करा. मी म्हणलं, तुमी नका येऊ. पोरीनं सैपाक केला. खीर बुडाला लागली. पत्रावळ वाढून तिनं भिंतीवर ठेवली अन् उन्हात उभी राहिली. कावळा काही येईना.

"येत नाहीये, बाबा."

"त्याला तुझी तारीख कोणी सांगितली?"

तिनं डोळ्याला पदर लावला. "आई रागावली असेल."

मी पत्रावळ उचलली अन् खुंट्याच्या शेळीपुढं ठेवली. "तुझी आई कावळ्याला कवा घालत होती? उरलंसुरलं सगळं हिलाच."

शेळीनं आधी पत्रावळीची कड खाल्ली, मग भात. पोरगी तिच्या मानेवर हात ठेवून खाली बसली. साडी लेंड्यात गेली तरी उठली न्हाई. मी आत जाऊन लागलेली खीर दोन वाट्यांत काढली.