मिरगीच्या शोधासाठी रक्त

अंबडहून जालन्याला येताना एसटीत एक बाई माझ्या शेजारी होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची. दवाखान्यात निघालात का, असं विचारल्यावर तिने आधी मागच्या सीटांवर नजर टाकली.

"बहिणीला मिरगी हाय," ती हळूच म्हणाली. "मेंदूचे डॉक्टर मिरगी कशानं होती त्याचा शोध घेऊन राह्यले. तिच्या रक्ताशी ताडून बघायला त्यांला घरातल्या धडधाकट माणसाचं रक्त पायजे. भाऊ न्हाई म्हणला. मंग मीच सासरी न सांगता निघाले."

"सुईची भीती वाटते?"

"सुईचं काय न्हाई, बाई. माझ्या रक्तात बी काही निघालं तर माझ्या लेकीला सून कोण करून घेईल?"

दवाखान्यापाशी ती उतरली आणि फाटकाबाहेरच उभी राहिली. परत फिरते की काय, म्हणून मी खिडकीतून बघत राहिले. गाडी हलली, तेव्हा ती आत गेली.