तांबं लढाईला गेलं तेव्हा

वॉटफर्डच्या कम्युनिटी हॉलमध्ये जुन्या नाण्या-नोटांचा बाजार भरतो. तिथे एक मराठी आजी टेबल लावतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. नोट उचलण्याआधी बोटं रुमालाला पुसायची त्यांची सवय मात्र पक्की लक्षात आहे.

त्यांच्या टेबलावर काचेखाली बसच्या तिकिटाएवढा एक कागद होता. त्यावर देवनागरीत छापलेलं, ‘एक पैसा’. मी विचारलं, “हे काय, खेळातले पैसे?”

आजींनी चष्म्यावरून पाहिलं. “खेळातले? अहो, महायुद्धात तांबं सगळं लढाईला गेलं. बाजारात मोड मिळेना. तेव्हा आमच्या संस्थानाने या नोटा छापल्या. छापखान्यात माझे वडील होते. अख्ख्या गावाने यावर मीठमिरची आणली!”

तेवढ्यात एका इंग्रज गिऱ्हाइकाने त्या कागदासाठी वीस पाउंडांची नोट पुढे केली.

“नॉट फॉर सेल, डार्लिंग.” आजींनी ती हळूच परत सरकवली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आमच्याकडे या एक पैशाच्या नोटेहून लहान नोटच नव्हती. यांच्या राजाची नोट कुठल्याही दुकानात मोडून मिळते. आमची मोडून दाखव म्हणावं!”