लालासाहेबांचं चिकटपट्टीचं धोतर

मैदान पलूसकडचं असो नाहीतर कोरेगावचं, आखाड्याच्या कडेला माईक घेऊन लालासाहेब उभे नसले की लोकांना कुस्त्या अळणी वाटायच्या. चोविसाव्या वर्षी गुडघा मोडला आणि त्यांचा लंगोट खुंटीला लागला. त्याच साली एका जत्रेत निवेदक आलाच नाही म्हणून कुणीतरी त्यांच्या हातात माईक दिला. त्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली, पण तो माईक कुणी परत मागितला नाही. पैलवान पुढं आला की त्याचं गाव, त्याचा बाप, त्याचा वस्ताद, मागच्या साली तो कुणाशी बरोबरीत सुटला, सगळं तोंडपाठ. त्यांच्या सुनेला, संयोगिताला, मात्र त्यांची वेगळीच गोष्ट आवडायची. मामा कुणालाही ‘हरला’ म्हणायचे नाहीत. ‘आज डाव बसला न्हाई’ म्हणायचे, आणि पडलेला पैलवान उठून अंगावरची माती झाडेपर्यंत त्याचंच कौतुक करत राहायचे.

गेल्या वर्षापासून संधिवातानं त्यांची बोटं आखडली होती. सकाळी धोतर नेसायला अर्धा तास लागायचा. दाराआडून निऱ्या सुटल्याचा, पुन्हा घातल्याचा आवाज यायचा. पण कुणाला हाक मारतील तर ते लालासाहेब कसले? संयोगिताचा नवरा जयराज फौजेत, तिकडं लेहला. तेव्हा काय करायचं ते तिलाच करायचं होतं. तिनं सरळ सांगली गाठली आणि एका दुकानातून शिवलेलं धोतर आणलं. निऱ्या आयत्या, काठ सोनेरी, कमरेला वेल्क्रोची चिकटपट्टी. खरं तर ते नवरदेवासाठीचं.

“नवरदेव घोड्यावर नाचला तरी सुटत नाही,” दुकानदार म्हणाला होता.

कवठे महांकाळकडच्या जत्रेला निघताना लालासाहेबांनी ते घातलं. चिकटपट्टी संयोगितानं स्वतःच्या हातानं दाबून दाबून बसवली. वर कोट, भगवा फेटा. सासूबाई राहीबाई म्हणाल्या, “आवं, आता वरातच काढा.”

“पाच मिनिटांत तयार झालो गं,” लालासाहेब म्हणाले. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

दुपारी चारला संयोगितानं मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. मैदान लाईव्ह दाखवत होते. सासूबाई शेंगा फोडत शेजारी बसल्या. लहान जोड्या झाल्या, मोठ्या झाल्या, सोनेरी काठ उन्हात चमकत राहिला. मग शेवटची कुस्ती पुकारली गेली: कोरेगावचा बिरदेव आणि पलूसचा शिवतेज. लालासाहेबांचा एक रिवाज होता. शेवटच्या जोडीआधी ते स्वतः वाकून आखाड्याच्या मातीला हात लावायचे. ते वाकले. माईक धरलेला हात कमरेशी आला, आणि चारी कर्ण्यांतून आवाज निघाला.

चर्रर्र!

प्रेक्षक चमकले. “कुणाचा लंगोट फाटला रं?” कुणीतरी ओरडलं. दोन्ही पैलवानांनी मागं हात लावून आपापला लंगोट चाचपून पाहिला. हशा पिकला.

संयोगिता मात्र मोबाईलकडं सरकली. तो आवाज तिनं दुकानात तीनदा ऐकला होता.

“आत्या, धोतर!”

“कुणाचं?”

“आपलं!”

राहीबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली.

पडद्यावर लालासाहेब सरळ उभे राहिले. माईक उजव्या, दुखऱ्या हातात. डावा हात कोटाच्या आत कमरेशी घट्ट. एरवी डाव सांगताना त्यांचा डावा हात हवेत फिरायचा. आज तो हलत नव्हता. आवाजात मात्र तसूभरही फरक नाही. “बिरदेवनं पट काढला... शिवतेज सुटला, मासळीवानी सुटला गड्या!” एवढ्या लोकांत कुणाला पत्ता नव्हता. बघणाऱ्यांना वाटत होतं, म्हातारा ऐटीत कमरेवर हात ठेवून उभा आहे.

दहा मिनिटं अशी गेली. संयोगिताला एकेक मिनिट जड जात होतं. आपण नसती हौस केली. चाळीस वर्षांचा मान आपण सोनेरी काठाला बांधला.

तेवढ्यात दोघं पैलवान एकमेकांना रेटत थेट लालासाहेबांच्या अंगावर आले. ते बाजूला उडी मारायला गेले, तोल सावरायला दोन्ही हात पसरले, आणि धोतर निऱ्यांसकट पायाशी उतरलं. वर फेटा, कोट. खाली गुडघ्यापर्यंतची निळ्या पट्ट्यांची नाड्याची चड्डी.

जे हसं झालं, ते विचारू नका. पंचसुद्धा पोट धरून हसले. कुस्ती थांबली. पैलवान गोंधळून बघत राहिले. संयोगितानं डोळ्यांवर पदर घेतला.

मोबाईलमधून आवाज आला, तोच रोजचा, खणखणीत.

“मंडळी, आजची आणखी एक चितपट निकाली! धोतरानं असा डाव टाकला, की लालासाहेबाला उलट डाव सुचला न्हाई. हसा, पोटभर हसा.” आणखी हशा. त्यांनी सावकाश वाकून धोतर उचललं, घडी घातली, उपरण्यासारखं खांद्यावर टाकलं. “मातीत उभं राहून चड्डीची लाज वाटाय मी काय पाव्हणा हाय व्हय? आन् घरी माझी सून बघत असंल. पोरी, धोतर झकास हाय. पट्टी नीट दाबायची मीच इसरलो. चला, आता नजर तिकडं. खरी कुस्ती तिकडं हाय!”

संयोगितानं पदर खाली केला. पट्टी कुणी दाबली होती, हे तिला ठाऊक होतं आणि त्यांनाही.

मग त्यांनी खरंच लोकांची नजर तिकडं वळवली. दोन मिनिटांत त्या निळ्या पट्ट्यांकडं कुणाचं लक्ष राहिलं नाही. डावा हात आता मोकळा झाला होता, आणि तो असा फिरत होता की डाव त्याच हातातून निघतायत असं वाटावं. शेवटी बिरदेवनं ढाक डाव लावला. शिवतेजची पाठ मातीला लागली. लोक बिरदेवला खांद्यावर घ्यायला धावले, आणि लालासाहेब चड्डीवरच शिवतेजजवळ जाऊन उभे राहिले. “सतरा मिनिटं लढलं हे पोरगं. सहा महिन्यांमागं ह्याचा खांदा निखळला हुता. आज डाव बसला न्हाई. पुढच्या साली बसंल. वाजवा टाळ्या!”

दिवेलागणीला जीप दारात थांबली. फेटा, कोट आणि खाली काळी ट्रॅकपँट अशा वेशात लालासाहेब उतरले. राहीबाईंनी एकदा वरून खाली पाहिलं आणि हसू आवरेना म्हणून आत पळाल्या.

“मामा, चुकलंच माझं,” संयोगिता म्हणाली. “उद्या नाडा ओवून देते.”

“दे की. नाड्यासकट घालतो. पाच मिनिटांत हुतंय, सोडतोय व्हय मी?” ते ओट्यावर टेकले, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरला. “कुस्ती बघितलीस का पण? शेवटची?”

“बघितली. ही पँट कुणाची?”

“शिवतेजची. सोताची काढून दिली पोरानं. आपण टॉवेल गुंडाळून गाडीत बसला.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “उद्या धुऊन इस्त्री कर. आन् पाठवताना संगं शेरभर तूप बांध. खांदा भरून यायला लागतंय त्याला.”