दादाच्या फोल्डरशेजारी पडलेली पानं

बंगळूरला निघाले तेव्हा नाशिकरोड स्टेशनवर सोडायला विलासदादा आला होता. माझा सख्खा चुलतभाऊ, गंगापूर रोडवरच्या आमच्या कंपनीत माझ्या आधी चिकटलेला. अण्णा, म्हणजे माझे वडील, आले नाहीत. दसरा तोंडावर होता, झेंडू तोडायचा होता. दादानं बॅग वर ठेवली आणि म्हणाला, "बिनधास्त जा. इकडचं मी बघतो." बघितलंच की! चांगलंच बघितलं.

मळ्यात राहिलेल्यांनो, तुम्हाला आपली रीत ठाऊकच आहे. माझ्यासारखे बाहेर पडलेले विसरले असतील म्हणून सांगते. आमच्या भावकीतली सगळ्यांची फुलं एकाच टेम्पोतून बाजारात जातात. टेम्पो नेणारा प्रत्येक क्रेट उतरवताना मालकाचं नाव मोठ्यानं घेतो. अण्णा म्हणायचे, "टेम्पो कुणाचाबी असू दे, माल ज्याचा त्याचंच नाव." दादा आणि मी हे ऐकतच वाढलो.

कंपनीच्या बंगळूरच्या मुख्य ऑफिसात मी अजून कच्ची होते. एक काम पार पाडलं तरच कायम करणार होते. यंत्रांचं एक जाडजूड माहितीपुस्तक एक्सएमएलमध्ये, म्हणजे खुणा घातलेल्या साध्या मजकुरात, होतं. मी लिहिलेल्या स्टाइलशीटनं, म्हणजे पानं कशी काढायची ते सांगणाऱ्या सूचनांच्या फाइलीनं, त्यातल्या प्रत्येक प्रकरणाचं वेगळं वेबपान काढायचं होतं. पानं कुठे ठेवायची, तो पत्ता मी पूर्ण लिहिला नव्हता. नुसतं 'शेजारच्या फोल्डरात' असं सांगितलं होतं. माझ्याकडे नमुन्याच्या प्रकरणांवर झकास चालायचं. पण पूर्ण पुस्तक नाशिकच्या सर्व्हरवर. तिथे दादा माझं स्टाइलशीट चालवायचा आणि फोनवर सांगायचा, "काहीच निघत नाही गं. एररपण नाही."

मी वेडीपिशी झाले. पत्त्यातल्या तिरक्या रेघा बदलल्या, फोल्डरांची नावं बदलली. एक दिवस साहेबांनी बोलावलं. म्हणाले, विलासनं नाशिकला स्वतःच सगळं जमवलंय, पानं आली, आता तुमची गरज नाही.

टेबल आवरताना संतापानं मी तेच स्टाइलशीट भलत्याच फोल्डरातून चालवलं. पानं निघाली! पण नेहमीच्या जागी नाही, त्या भलत्या फोल्डरच्या शेजारी. ज्या फोल्डरातून चालवाल, त्याच्या शेजारी ती पडत होती. मी कायम एकाच जागेवरून चालवायचे, म्हणून कळलंच नव्हतं. म्हणजे नाशिकला पानं पहिल्यापासून निघत होती, दादाच्या फोल्डरशेजारी.

फोन लावला. "दादा, तुला पानं दिसत होती ना?"

तो म्हणाला, "अगं, घरातल्या घरात कसलं तुझं-माझं?"

अण्णांना सांगितलं, तर म्हणाले, "भावकी हाय, जाऊ दे ना बाई." हे जास्त लागलं. दादानं माझं काम नेलं, पण अण्णांनी मलाच परकं केलं.

बंगळूरलाच दुसरी नोकरी मिळाली. आता भाजीवालीशी कन्नडमध्ये घासाघीस करते. पुढच्या दसऱ्याला घरी गेले, तर टेम्पो दादाच नेत होता आणि अण्णांनी मला त्यातच बसवून बाजारात धाडलं. बाजारात दादा अण्णांचा एकेक क्रेट उतरवत खणखणीत ओरडत होता, "रामअण्णांचा झेंडू! रामअण्णांचा झेंडू!" त्यातल्या एकाही क्रेटला त्यानं दुसऱ्याचं नाव दिलं नाही. म्हणजे रीत त्याला पाठ होती.

घरी कधी येणार, असं तुम्ही विचारता. येते की, दर दसऱ्याला येते. माझ्या बापाच्या झेंडूला तिथे नाव आहे, माझ्या कामाला नाही. म्हणून परतीचं तिकीट आधी काढते.