गोदीतलं आरमार

कुडव्याहून ऑफिसला जाताना शेजारी राहणारा माझा सहकारी रोज माझ्या स्कूटरवर मागे बसतो. त्याची स्वतःची मोटारसायकल घरी झाकून ठेवलेली आहे, कारण तिला नवे लाइट बसवायचे बाकी आहेत. गेल्या वर्षी सीट बाकी होती. मागे बसून तो मोबाइलवर जहाजांच्या लढाईचा खेळ खेळतो. त्यानंच मलाही त्यात ओढलं आणि आपल्या गटात घेतलं. गटातल्यांनी एकमेकांच्या मदतीला जहाजं पाठवायची, एवढा साधा नियम.

त्याचं जहाज मी समुद्रात कधी पाहिलंच नाही. आज तोफा बदलतो, उद्या रडार. अपग्रेड संपेपर्यंत जहाज गोदीतून हलत नाही आणि याचं अपग्रेड काही संपत नाही. माझ्या बंदरावर हल्ला झाला तेव्हा मी ओरडलो, "अबे, पाठव ना जहाजं!"

"कसं पाठवू भाऊ? इंजिन बदलवून राहिलो ना. कायले घाई करता?"

माझं बंदर लुटलं गेलं.

परवा हल्ला त्याच्यावर आला. सगळं आरमार गोदीत, खोलून ठेवलेलं. मी शिव्या देत माझी जुनी, पहिल्या लेवलची जहाजं पाठवली. शत्रू पळाला, पण माझं एकही जहाज परत आलं नाही.

सकाळी तो नेहमीसारखा मागे बसला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. वाटलं, आता तरी आभार मानेल.

"भाऊ," तो म्हणाला, "तुमाले कवापासून सांगून राहिलो, जहाजं अपग्रेड करत जा म्हणून."