सहीवरचं हळदकुंकू
लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू दिसलं की मला अजूनही धडकी भरते. नव्वदच्या दशकात मी कॉम्प्युटर सायन्समधल्या पीएचडीसाठी अमेरिकेला अर्ज करत होते. कॉलेजातल्या माझ्या सरांनी शिफारसपत्र पाकिटात बंद करून चिकटवलेल्या जागेवर आडवी सही केली होती. पाकीट कुणी उघडलेलं नाही, याची ती खूण. आंघोळ करून आले तर आईने ते देवापुढे ठेवून चारी कोपऱ्यांना आणि नेमकं त्या सहीवर ओलं हळदकुंकू लावलेलं. शाई पसरून सही ओळखू येईना. कुरियर दुपारी निघणार होतं. अर्जाचं मोठं पाकीटही बरोबर घेऊन मी रिक्षाने जयनगरला सरांच्या घरी धावले. सर पिढ्यान् पिढ्या बेंगळूरचे मराठी. त्यांनी पाकीट उजेडात धरलं आणि आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले, "स्वल्प बस." म्हणजे थोडं थांब. पत्र नव्या पाकिटात घातलं, गोंद लावला, सही केली, वर फुंकर घातली. "आईंना सांग, बाहेरच्या मोठ्या पाकिटाला लावा. तिथं माझी सही नसते." माझ्या जिवात जीव आला. तिथून मी थेट कुरियरच्या ऑफिसात गेले. दोन्ही पाकिटं कोरीच गेली, हे आईला कधी सांगितलं नाही. प्रवेश मिळाला तो हळदकुंकवामुळे, असं ती आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, आणि मी शेजारी बसून मान डोलावते.