दोन भिंगांचा कॅमेरा आणि विकलेली बोट

होळी होऊन चार दिवस झाले नव्हते तेवढ्यात बाबांनी बोट विकली. व्यवहार आमच्या ओटीवर झाला, चहा मी केला. गिऱ्हाईक हर्णैचं होतं. मे महिन्याच्या शेवटी, मासेमारी बंद व्हायच्या आधी, येऊन बोट घेऊन जातो असं ठरवून तो उठला. तो गेल्यावर बाबा पंख्याखाली बसून गुडघे चोळत राहिले. विकायचं कारण ते गुडघेच होते. चाळीस वर्षं तांडेल म्हणून सुकाणू धरलेल्या माणसाला आता जेट्टीवरून बोटीत पाय टाकायला दोन खलाशांचे खांदे लागत होते.

मग त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "बाय, माज्या बोटीचा पन असाच एक फोटू काड."

भिंतीवर आजोबांचा फोटो आहे. कुठल्याशा स्टुडिओवाल्याने मोठा पेटीसारखा कॅमेरा किनाऱ्यावर आणून काढलेला. आजोबा शिडाच्या होडीला टेकून उभे आहेत आणि खुंट्याला मारलेल्या दोरीचा पीळन् पीळ त्यात मोजता येतो. बाबांना तोच पीळ हवा होता. मी काय, लगेच मोबाईल घेऊन बंदरावर गेले, फोटो काढला आणि बॅनर छापणाऱ्याकडून मोठा करून आणला. त्याने न सांगता समुद्र शाईसारखा निळा केला, बाबांना गोरं केलं आणि दोरीच्या शेवया झाल्या. बाबांनी तो बघितला आणि गुंडाळी करून कपाटावर टाकला. काही बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. फिल्मचा रोल जितका रुंद तितका बारीक तपशील त्यावर मावतो, एवढं मला कळत होतं. म्हणजे मीडियम फॉरमॅटचा, रुंद रोलचा जुना कॅमेरा हवा, आणि तो माझ्या पगारात बसायला हवा. हातात अडीच महिने होते. एवढ्यात माणसं लग्नं जमवून मोकळी होतात.

पण माझा स्वभाव आड आला. मी दोन वांगी निवडायला पाच मिनिटं लावते आणि घरी येऊन तिसरंच बरं होतं म्हणून चडफडते. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासताना एका हातात लाल पेन आणि दुसऱ्या हातात मोबाईल. जुने कॅमेरे विकणाऱ्यांची पानं उघडायची, मिटायची, परत उघडायची. स्टाफरूममध्ये कुणी विचारलं, काय गो, स्थळ बघतेस की काय, तर मी हसायचे आणि आतून धुमसायचे. जिवाला स्वस्थता अशी नव्हतीच.

मनात तीन प्रकार होते. पाठीमागचा रोलचा डबा काढून बदलता येतो असा मोठा कॅमेरा सगळ्यात चांगला, पण त्याची किंमत जुन्या स्कूटरएवढी आणि वजन पाट्यावरवंट्याचं. दुसरा दोन भिंगांचा. वरच्या भिंगातून आपण बघायचं, खालच्यातून फोटो निघतो. तो पोटाशी धरून मान खाली घालून वरच्या काचेत बघावं लागतं आणि त्या काचेत सगळं डावं-उजवं उलट दिसतं. मी आठवीला दरवर्षी आरशातली प्रतिमा शिकवते, तरी ह्या उलटेपणाची मला धास्ती वाटली. बोट चालती वस्तू. ती डावीकडे जाणार आणि मी गोंधळून कॅमेरा भलतीकडे फिरवणार. तो मी पहिल्यांदा बाद केला. तिसरा घडीचा, पुढे भात्यासारखी कातडी पिशवी असलेला. स्वस्त, पर्समध्ये मावणारा. एका दुपारी कंटाळून तोच मागवला.

कुरिअरवाल्याने खोका दिला तो बाबांच्या हातात. संध्याकाळी शाळेतून आले तर ते कॅमेरा उघडून बसलेले. म्हणाले, "चल आत." आत म्हणजे जाळी ठेवायच्या खोलीत, जिला खिडकी नाही. दार लावलं, बॅटरी पेटवून भात्याच्या आत धरली. अंधारात भात्याच्या घड्यांवर सात-आठ बारीक ठिणग्या दिसल्या.

"पानी येनार हिच्यात," बाबा म्हणाले.

पावसाळ्याआधी बोट वर ओढली की ते असंच करतात. भर उन्हाचं बोटीच्या पोटात शिरून पडून राहायचं आणि फळ्यांच्या सांध्यांतून कुठे ऊन आत येतंय ते बघायचं. जिथून ऊन येतं तिथून पाणी येणार. मग तिथे खडूने खूण करायची आणि कापूस ठोकून भरायचा. लहान असताना मीही त्यांच्या शेजारी पडून खुणा केल्यात. ह्या भात्याला मात्र कापूस ठोकता येत नव्हता. कॅमेरा परत पाठवला. मला राग आला होता, तोही त्यांचं म्हणणं बरोबर होतं म्हणून.

एप्रिल असाच गेला. हातखंब्याच्या नाक्यावर एका माणसाने मोठा कॅमेरा दाखवायला बोलावलं. हॉटेलच्या बाकावर, आंब्याच्या पेट्यांच्या गाड्या शेजारून धडधडत जात असताना, मी भिंगात बॅटरी मारली. आत लोणच्यावर येते तशी पांढरी बुरशी. तो म्हणाला, एवढी चालते. मी म्हटलं, तुमच्या घरी चालत असेल. चहाही न पिता उठले. रिक्षात बसल्यावर वाटलं, घ्यायला हवा होता. घरी पोचेपर्यंत वाटलं, नको तेच बरं. बाबा रोज विचारायचे नाहीत, पण मी आले की हाताकडे बघायचे.

मे उजाडला, शाळेला सुट्टी लागली आणि खेडच्या एका म्हाताऱ्या स्टुडिओवाल्याचा पत्ता लागला. दुकान बंद करत होता. त्याच्याकडे होता तो नेमका दोन भिंगांचा. मी बाद केलेला. तरी गेले, कारण घरात बसवत नव्हतं.

त्याने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून कॅमेरा काढला. बरोबर फडक्यात बांधलेले भाजलेले तांदूळ. दमट हवा तांदूळ पितात, भिंग कोरडं राहतं, दर महिन्याला नवे भाजायचे, असं त्याने मला दोनदा बजावलं. भिंग खरंच लख्ख होतं. शटरचा आवाज त्याने कानाशी धरून ऐकवला. मग वाया गेलेला रोल माझ्याकडून तीनदा भरून घेतला आणि चौथ्यांदा डोळे मिटून. मी अजूनही चुळबुळत होते. काचेत सगळं उलटं, बोट चालती, मला जमेल का, मोठाच बघू का. तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"तो हर्णैवाला उद्या येतो म्हनतोय. वारा फिरनार हाय. सकाळची भरती धरून नेनार."

ठरल्यापेक्षा आठ दिवस आधी. मी तिथेच कॅमेरा घेतला, आणि त्याच्याकडे शिल्लक असलेला एकच रोल घेतला. बारा फोटोंचा. तांदळाची पुरचुंडी त्याने पिशवीत स्वतः घातली. अडीच महिने जे जमलं नाही ते पाच मिनिटांत झालं, आणि परतीच्या गाडीत मी डबा मांडीवर घेऊन स्वतःला शिव्या घालत बसले.

सकाळी जेट्टीवर पोचलो तर बंदरात बोटी एकमेकींना खेटून. आमची अख्खी दिसेचना. एकीकडून फक्त केबिन, दुसरीकडून फक्त नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आणि तिच्यावरचा नंबर. मी सैरभैर झाले. दोरीचा फोटो काढला, सुकाणूचा काढला, नाळेला लावलेल्या हळदकुंकवाचा काढला, जाळ्याच्या ढिगाचा काढला. उजेड मोजायचा, आकडा फिरवायचा, दाबायचं, गुंडाळायचं. भान आलं तेव्हा अकरा फोटो संपले होते आणि बाबांची बोट अशी एकातही नव्हती. एकच उरला होता.

नवीन मालकाचे खलाशी चढले. इंजिन सुरू झालं. बाबांनी नाळेला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि समुद्राकडे पाठ केली.

हे मला ठाऊक होतं. आमच्या घरात विकलेली बोट जाताना मालकाने बघायचं नाही. बघितलं की तिचं मन मागे राहतं आणि नव्या मालकाला मासळी लागत नाही. आजोबांनी त्यांची होडी दिली तेव्हा ते असेच उभे होते म्हणतात. बाबा मासळीच्या टोपल्यांकडे तोंड करून उभे राहिले. मान ताठ, हात मागे बांधलेले. दोरी सुटली, इंजिनाचा आवाज बदलला, तशी त्यांची बोटं एकमेकांत घट्ट झाली. मला ते बघवेना.

बोट गर्दीतून सुटून मोकळ्या पाण्यात आली. आता ती अख्खी दिसत होती, नाळेपासून झेंड्यापर्यंत, पाठीमागून आलेलं कोवळं ऊन अंगावर घेऊन. डावीकडे, बंदराच्या तोंडाकडे चालली होती. मी पोटाशी कॅमेरा धरून काचेत बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "बाबा, इकडे या. वर बघू नका. मान खाली घालून या."

ते मागे मागे पावलं टाकत आले आणि माझ्या खांद्याशी वाकले. म्हणाले, "बगायचा नाय ना गो."

"तिच्याकडे कुठे बघताय? काचेत बघताय."

त्यांनी काचेवर हाताचा आडोसा केला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, त्यामुळे बोट मला क्षणभर दिसलीच नाही. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. ह्या जेट्टीवर आम्ही सगळ्यांनी जन्मभर एक गोष्ट बघितली आहे. नाळ डावीकडे असली की बोट समुद्रात चालली, नाळ उजवीकडे असली की घरी आली. काचेत नाळ उजवीकडे होती.

"परत येतेय गो ही," ते म्हणाले.

मला रडू येत होतं आणि हात हलू द्यायचा नव्हता. "दाब," ते म्हणाले. मी दाबलं.

रोल संपला तरी ते काचेवरून उठले नाहीत. बोट लहान होत गेली, ठिपका झाली. गुडघे दुखत असणार, तरी वाकलेलेच होते. काच रिकामी झाल्यावर सरळ झाले आणि घराकडे चालू लागले. मागे वळून बघितलं नाही.

रोल मुंबईला धुवायला पाठवला. पंधरा दिवसांनी मोठा फोटो आला आणि मी आनंदाने ओरडलेच. दोरीचा पीळन् पीळ, नंबरच्या रंगाचा उडालेला टवका, सगळं. बाबांनी चष्मा लावून खूप वेळ बघितला.

"उलटा छापलाय," म्हणाले.

मी आठवीच्या वर्गासारखं समजावलं. कागदावर भिंग काढलं, आरसा काढला, बाण काढले. उलटं काचेत दिसत होतं, फोटो सरळ आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "ता शाळेत शिकव," म्हणाले आणि फोटो माझ्याकडे परत दिला. दुपारभर मी भांडी आपटली. एवढी धावपळ केली, एवढा जीव आटवला, आणि हे म्हणतात उलटा! भांडी आपटून संपली तेव्हा फोटो पुन्हा हातात घेतला. त्यात बोट जात होती. तेवढंच त्यात होतं. बाबांनी तिला जाताना बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मुंबईला फोन केला आणि निगेटिव्ह उलटी ठेवून छापायला सांगितलं. त्या माणसाने दोनदा विचारलं, मॅडम, नंबर उलटा येईल, चालेल ना?

आता आजोबांच्या शेजारी तो फोटो आहे. कॅमेरा कपाटात डब्यात आहे, तांदूळ बाबाच भाजतात. परवा शाळेतले एक सर घरी आले, फोटोसमोर थांबले आणि म्हणाले, अहो, ह्यात बोटीचा नंबर उलटा दिसतोय. मी तोंड उघडायच्या आत बाबा खुर्चीतून म्हणाले,

"नंबर सरकारचा हाय. बोट माजी. ती घरला येतेय."